आवाजाची जागा

रिक्षा अजून पुरती थांबलीही नव्हती, तोच रिक्षावाल्यानं मागे घ्यायचा दांडा ओढला आणि सीटखालून असा करकराट उठला की ममता मनवरच्या मांडीवरची लॅपटॉपची पिशवी उडून पायाशी पडली. यवतमाळच्या दत्त चौकात शनिवारची दुपार होती. समोर कापसानं फुगलेला ट्रक आडवा लागलेला, मागे दुचाक्यांची गर्दी, आणि ट्रकच्या जाळीतून सुटलेले पांढरे पुंजके हवेत रिकामटेकडे फिरत होते. रिक्षावाला स्वतःवरच चिडला होता. "थांबू तं द्या लागते ना तिले," तो आरशात बघत पुटपुटला, "पुढं चालली असताना मांगं कशी येईन?" मग त्यानं रिक्षा उभी केली, क्षणभर काहीच केलं नाही आणि दांडा पुन्हा ओढला. या वेळी तो आवाज न करता जागेवर बसला. ममताचा हात पिशवीकडे अर्धा गेला होता, तो तिथेच राहिला. तिला जे कळलं ते आधी पोटात कळलं, शब्द मागून आले. पुढे चाललेली असताना मागे आणायची तर मध्ये थांबायला हवं. लिहीत असलेल्या फाईलीतून लगेच वाचायचं तर मध्ये थांबायला हवं. तेच. बाबांच्या यंत्रात बिघडत होतं ते तेच. कार्ड नव्हे, तारा नव्हेत, वीज नव्हे. कॉलेजात हे ती शिकली होती, परीक्षेत लिहिलंही होतं, आणि त्या उत्तराला मिळालेले दोन मार्क घेऊन ते विसरूनही गेली होती. स्वेटर घ्यायला निघालेली ती रिक्षावाल्याला म्हणाली, भाऊ, राहू द्या बाजार, बसस्टँडवर घ्या.

दिग्रसची बस लागलेलीच होती. खिडकीशी जागा मिळाली, आणि बसल्यावर ममताला वाटलं की आपण उगाच हसतोय. समोरच्या सीटवरचा म्हातारा वळून बघत होता. तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. यवतमाळच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात ती नोकरी करायची. तिथे इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनत, आणि त्या काट्यांच्या आत जो प्रोग्राम चालतो तो लिहिणं हे तिचं काम. तसल्याच एका छोट्या काट्याच्या रिकाम्या खोक्यात तिनं बाबांसाठी ते यंत्र बसवलं होतं. दर्शनी भागावर बटणं, आत एक मेमरी कार्ड, बाजूला स्पीकरची जाळी आणि वर एक खटका, तो फिरवला की पान उलटावं तसे बटणांचे अर्थ बदलायचे: घर, रस्ता, विहार, दवाखाना. घरात सगळे त्याला डबा म्हणत. बटण दाबलं की डबा बाबांच्या आवाजात बोलायचा. बाबांना आता दुसरा आवाज नव्हता. तंबाखू-सुपारीच्या खर्‍यानं तो खाल्ला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी घशातला स्वरयंत्राचा भाग काढून टाकला होता, आणि आता बाबा गळ्यावरच्या एका छिद्रातून श्वास घेत, त्यावर पांढरं फडकं बांधत, आणि लागलंच तर पाटीवर लिहीत.

आणि हे कोणाच्या बाबतीत, तर देवराव मनवरांच्या. अख्ख्या दिग्रसनं ज्यांना देवराव भोंगा असं नाव ठेवलं होतं त्यांच्या. रिक्षावर भोंगा बांधून गावभर पुकारा करत फिरणं हा त्यांचा धंदा, आणि ते त्याला धंदा म्हणत नसत. सर्कस आली, नळाला पाणी येणार नाही, चौदा एप्रिलची मिरवणूक अमुक रस्त्यानं जाईल, लाल सदऱ्यातलं लेकरू हरवलंय, असं गावात काय घडणार आणि काय घडलं ते आधी त्यांच्या आवाजात घडायचं. लहानपणी शाळेत बसलेल्या ममताच्या कानावर तो आवाज गल्ल्या ओलांडून यायचा, जवळ यायचा, खिडकीखालून जायचा, पुढे विरायचा, आणि वर्गातल्या पोरी तिच्याकडे बघून हसायच्या, आणि तिला लाज वाटायची आणि अभिमानही, आणि दोन्हींतलं खरं कोणतं हे तिला कधीच ठरवता आलं नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा तिनं सुटी काढली. मागच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या, माईक उभा केला आणि बाबांना समोर बसवलं. बाबा, नुसतं म्हणा, पाणी दे. बाबांनी घसा खाकरला, पाठ ताठ केली आणि फळीवरची भांडी वाजतील अशा आवाजात गावाला पाणी मागितलं. हळू म्हणा. घरात म्हणता तसं. पण माईक दिसला की त्यांना घर दिसायचंच नाही. शेवटी ती मशीन चालू करून गोधडीमागे लपवायची आणि आईला आत पाठवायची. आई कशावरूनही भांडण काढू शकायची, वरणात मीठ, खुंटीवरचा टॉवेल, देवळीतली काडेपेटी. त्या भांडणांतून ममतानं घरातला आवाज वेचून काढला. त्यामुळे डब्यात दोन देवराव होते, एक भोंग्यातला, एक घरातला, आणि दोघेही एकाच फाईलीत राहत.

ती फाईल तिच्या डोळ्यांपुढे आत्ता इतकी स्वच्छ उभी होती, की वाटावं बसच्या काचेवरच कोणीतरी मांडून ठेवलीय. फाईलीच्या सुरुवातीला एक यादी. प्रत्येक बोलासाठी तीन खाने: हा बोल किती वापरला याची खूण, त्याचा आवाज फाईलीत कुठून सुरू होतो ती जागा, आणि तो केवढा लांब आहे ते. यादी संपली की पुढे सगळे आवाज एकामागे एक. सी भाषेत यासाठी मोजकीच फंक्शनं असतात, आणि ती ममताला हाताच्या बोटांसारखी ठाऊक होती. एफओपन फाईल उघडतं, एफराईट लिहितं, एफरीड वाचतं, एफसीक आपल्याला हवं त्या जागी नेऊन उभं करतं, एफक्लोज बंद करतं. बाबांनी बटण दाबलं की तिचा प्रोग्राम पहिल्या खान्यात खूण लिहायचा, आणि तिथूनच लगेच दुसर्‍या खान्यातली जागा वाचायचा. लिही, वाच. एकाला लागून एक. किती नेटकं दिसायचं ते. पण लिहिलेलं थेट कार्डावर जात नसतं. आई लहानपणी सांगायची, कापूस वेचणारी बाई एकेक बोंड नेऊन गंजीवर टाकत बसत नाही, कमरेच्या ओटीत घेते आणि ओटी भरली की जाऊन रिकामी करते. लायब्ररीही तसंच करते. तिची एक ओटी असते, लिहायचं ते आधी तिच्यात जमतं. आणि वाचायचं तेही आधी त्याच ओटीत आणावं लागतं. मग ओटीत आपला वेचलेला कापूस असताना कोणी म्हणालं, गंजीवरून घेऊन ये, तर ती बाई काय करेल? आधी ओटी रिकामी कर, गंजीपाशी जाऊन उभी राहा, मग घे. एवढं सांगावं लागतं. तिनं ते सांगितलंच नव्हतं. तिच्या लॅपटॉपवरची लायब्ररी समजूतदार होती, न सांगता सांभाळून घ्यायची, म्हणून तिथे सगळं बिनचूक चालायचं. डब्यातली लायब्ररी लहान, गरीब, सांगितलं तेवढंच करणारी. ती कधी खरी जागा द्यायची, कधी ओटीत उरलेलं काहीही. आणि खुणा मात्र दर वेळी नीट लिहिल्या जात, म्हणून ममतानं त्या ओळींवर कधी संशयच घेतला नाही.

बसनं शहर सोडलं तशी तिनं लॅपटॉप मांडीवर उघडला. खड्ड्यात चाक गेलं की पडदा मिटायचा, ती तो कोपरानं धरून ठेवायची. ती दोन ओळींची जागा सापडायला वेळ लागला नाही, तिथे ती हजारदा येऊन गेली होती. दोन ओळींच्या मध्ये तिनं एन्टर मारला. कोरी ओळ तयार झाली. तिच्यात तिनं एफसीक लिहिलं: आहेस तिथेच थांब, शून्य पावलं पुढे. हे तिला इतकं आवडलं की ती पुन्हा हसली. कुठेही न जायचा हुकूम, आणि त्यानंच सगळं सुरळीत होणार. शेजारी येऊन बसलेली बाई मघापासून पडद्याकडे बघत होती. तिचं नाव बेबीताई, दारव्ह्याला लेकीकडे निघाली होती, एवढं तिनं बसल्याबसल्याच सांगून टाकलं होतं.

"काय करून राह्यली वं बाई एवढं?" तिनं विचारलं.

"माह्या बाबाचा आवाज दुरुस्त करून राह्यली," ममता म्हणाली, आणि ते वाक्य तोंडातून गेल्यावर तिला कळलं की हे आपण आजवर कोणापुढे असं म्हटलेलं नाही.

बेबीताईनं पडद्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "होते काय दुरुस्त?"

"होते," ममता म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं, खर्‍यापासून ओटीपर्यंत, आणि बेबीताई ओटीच्या ठिकाणी अशी मान हलवत होती जशी हे तिला ममताच्या आधीपासून ठाऊक असावं. आपली ओटी झाडल्याबिगर दुसरं काय घेता येईन, ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर तुरीला पिवळा बहर होता. बोरी अरबला बस बरीच थांबली. कोणीतरी संत्र्याची टोपली वर चढवली, वास आत पसरला, आणि त्या वासात ममताच्या मनाचा तोल अचानक गेला. हे नसलंच तर? याआधी किती वेळा तिला असंच वाटलं होतं. नवं कार्ड घेऊन ती अशीच गेली होती, अशाच बसनं, अशीच हसत. तारा नव्यानं डाखल्या तेव्हाही. आणि त्यानंतर पुण्यानुमोदनाचा तो दिवस आला होता. बाबांचा जुना सोबती गेला, त्याच्याबरोबर त्यांनी कितीतरी वर्षं रिक्षावर काढली होती. विहारात सगळे खाली बसलेले. बाबा उठले, डबा छातीशी धरला, विहाराच्या पानावर खटका फिरवला, आणि लय वाईट झालं, असं जिथे होतं ते बटण दाबलं. डब्यातून आधी रेती ओतल्यासारखी खरखर आली, आणि मग भोंग्याच्या आवाजात, बारीक-मोठ्या सगळ्यांना आग्रहाचं निमंत्रण. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, जणू चूक त्यांचीच होती. बाबांनी पुन्हा बटण दाबलं नाही. घरी येऊन त्यांनी डबा फडक्यात गुंडाळला, कपाटावर ठेवला आणि पाटीवर लिहिलं: राहू दे. त्या दिवसापासून ते पाटीवरही फारसं लिहीत नसत. कोणी विचारलं तर हात हलवत. ममता रविवारी यायची, कपाटाकडे बघायची, बाबा तिच्याकडे बघायचे, आणि विषय तसाच कपाटावर राहायचा. बस हलली. नाही, तिनं स्वतःला सांगितलं, हेच आहे. हे दिसत होतं. आधीच्या वेळी तिला वाटलं होतं, आत्ता तिला दिसत होतं, आणि वाटणं आणि दिसणं यांतला फरक अंगाला कळतो. दारव्ह्याला बेबीताई उतरली. उतरताना तिनं ममताच्या डोक्यावर हात ठेवला. पुढचा रस्ता ममताला आठवत नाही. दिग्रसच्या अलीकडे जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या दिसल्या तेव्हा ती उठून दारापाशी जाऊन उभी राहिली होती, आणि कंडक्टर तिला खाली बस म्हणत होता.

घरात अनपेक्षित गडबड होती. धाकटा भाऊ धम्मदीप फुलसावंगीच्या शाळेत शिक्षक. त्याची बायको पायल लेकीला घेऊन दोन दिवसांसाठी आली होती. लेक रांगायला लागलेली, सगळं घर तिच्या गुडघ्यांखाली. बाबा अंगणात खाटेवर पाठमोरे बसले होते. ममता चप्पल काढता काढताच कपाटाकडे गेली, स्टुलावर चढली आणि डबा खाली घेतला. आईनं स्वयंपाकघरातून पाहिलं. तिला, रुखमाबाईला, सगळ्यात आधी कळतं, नेहमीच.

"काहून काढून राह्यली ते?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "तुह्या बाबाले त्रास होते."

"आई, मले सापडलं."

आईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. ममतानं तार जोडली. प्रोग्राम डब्यात जाताना पडद्यावर एक पट्टी भरत जाते, ती भरेपर्यंत तिनं श्वास घेतला असेल की नाही कोण जाणे. मग तार काढली आणि विहाराच्या पानावरचं तेच बटण दाबलं. लय वाईट झालं, डबा म्हणाला. घरातल्या, खर्‍यानं जरा भरडलेल्या, खालच्या आवाजात. पायल लेकीला उचलता उचलता थांबली. ममतानं पुन्हा दाबलं. मग शेजारचं. मग खटका फिरवून घरचं पान, पाणी दे, टॉवेल कुठं ठेवला, मले भूक नाही. मग रस्ता, मग पुन्हा विहार. मुद्दाम भलत्या क्रमानं, मुद्दाम घाईनं, एक बोल पुरा व्हायच्या आत दुसरा, जसं कोणी एखाद्या घोड्याला मैदान दाखवावं आणि त्यानं पडून दाखवावं म्हणून पळवावं. डबा पडला नाही. घरभर बाबा बोलत होते, भिंतींमधून बोलत होते, स्वयंपाकघरात, माळ्यावर. आई ओट्याला धरून उभी होती. तिच्या हातातली पळी खाली टपकत होती. ममताला ओरडावंसं वाटत होतं. ती ओरडली नाही, नुसती बटणं दाबत राहिली. मग दारात सावली पडली.

बाबांनी हात पुढे केला. तिनं डबा दिला. त्यांनी तो उलटा करून पाहिला, जणू आवाज मागून गळतोय का ते बघताहेत, मग खाटेवर नेला, आणि स्वतः दाबायला लागले. एकेक. प्रत्येक बोल पुरा ऐकून. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते ममताला वाचता आलं नाही. कोणी आपलंच बोलणं ऐकताना असं बसत नाही. एखादा माणूस बऱ्याच दिवसांनी भेटावा आणि तो तोच आहे का हे त्याला बोलता ठेवून पाहावं, तसे ते बसले होते. सगळी पानं झाली. ते पहिल्या पानावर आले, पुन्हा सगळ्या बटणांवरून बोट फिरवलं, काहीतरी शोधल्यासारखं. मग पाटी घेतली. लिहिलं: मैत्री नाही यात.

मैत्री म्हणजे धम्मदीपची लेक. ती जन्मली तेव्हा बाबांचा आवाज जाऊन बरेच दिवस झाले होते, आणि नाव तर त्याच्याही नंतर ठेवलं. डब्यात आईचं नाव होतं, ममताचं होतं, धम्मदीप आणि पायल होते, शेजारच्या म्हशीचंसुद्धा होतं. नातीचं असणं शक्यच नव्हतं. ममतानं कधी हा विचारच केला नव्हता. आजोबा नातीला अजून हाकच मारू शकलेले नाहीत, हे इतके दिवस तिच्यासमोर होतं आणि तिला ते दिसलं नव्हतं. ती म्हणाली, बाबा, मी माझ्या आवाजात भरून देते, एका मिनिटाचं काम. बाबांनी मान हलवली. पाटीवर लिहिलं: तुहा नको. आणि पाटी बाजूला ठेवली, डबाही तिच्यावर ठेवला. त्यांना राग नव्हता आला. ज्याला आपला दाम माहीत आहे असा माणूस कमी मागत नाही, तेवढंच.

ममता खाटेच्या कडेला बसून राहिली. अंगातला वेग उतरला नव्हता, तो आता दुसर्‍या रस्त्यानं धावायला लागला. नाव नाही. पण नाव म्हणजे काय, तर आवाजांचे तुकडे, आणि तुकडे असतीलच. फाईल काही शब्दांना ओळखत नाही. तिला कुठूनही वाचायला सांगता येतं, शब्दाच्या सुरुवातीपासूनच वाच असं कुठे आहे? एफसीक शब्दाच्या पोटातही नेऊन उभं करतं. मै हवा. त्री हवी. ती उठून लॅपटॉपशी बसली आणि डब्यात न घातलेलं, गोधड्यांच्या खोलीतलं सगळं ऐकायला लागली. पायल लेकीला घेऊन तिच्यामागे येऊन बसली. तिनं विचारलं, ताई, काय शोधता? सांगितल्यावर तिचं कान देणं ममताला मानेवर जाणवत होतं. त्री लगेच मिळाली. आज रात्री ठीक आठ वाजता, बाबांनी गोधड्यांना पुकारा केला होता, आणि रात्री हा शब्द त्यांनी कोणत्याही रस्त्यावर ओढावा तसा लांब ओढला होता. मै काही मिळेना. माय होती, मला होतं, मयत होतं, पण मै नाही. ते सापडलं एका भांडणात. आई म्हणत होती पोट्टे गोंधळ घालतात, आणि बाबा तिला समजावत होते, भोंग्याचा लवलेशही नसलेल्या आवाजात, की मैदानात नाही खेळतीन तं कुठी खेळतीन. पायलनंच ते आधी ऐकलं. "ताई, थांबा," ती म्हणाली, "मागं घ्या."

आता कापायचं. मैदानातला मै, द सुरू व्हायच्या आधीपर्यंत. रात्रीतली त्री. इथे ममताला असं काही दिसलं की तिनं पायलचा हात धरून पडद्याशी नेला. त म्हणायच्या आधी जीभ दातांना टेकते, आणि तेवढा क्षण माणूस पूर्ण गप्प असतो. आपल्याला ऐकू येत नाही, पण आवाजाच्या रेघेत तो दिसतो, दोन टेकड्यांमधल्या सपाटीसारखा. बाबांच्या रात्रीत ती सपाटी होती. तिच्यात कुठेही कापलं तरी जखम होणार नव्हती. तिनं जागा टिपली, दोन्ही तुकडे एकाला एक लावले, फाईलीच्या शेवटी लिहिले, यादीत नवा बोल घातला, घरच्या पानावरच्या टॉवेलच्या बटणाला तो बांधला. टॉवेल आता आई शोधेल. घाईत एकदा चुकलं, पुन्हा केलं. तार काढून डबा तिनं बाबांच्या हातात दिला आणि कोणतं बटण ते दाखवलं. स्वतः वाजवून पाहिलं नाही. पहिल्यांदा तिनं दाबायचं नव्हतं.

पायलनं मैत्रीला अंगणात चटईवर ठेवलं. उतरतं ऊन होतं, आई दारात आली होती. बाबा खाटेवरून उतरून नातीसमोर मांडी घालून बसले, डबा चटईवर ठेवला आणि बटण दाबलं. "मैत्रीऽऽ." घरातल्या खोल, जवळच्या आवाजात ते नाव सुरू झालं आणि मध्येच उघडून रस्त्यावर गेलं, लांब, चढत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. कोणीही माणूस कुठल्याही लेकराला अशी हाक मारणार नाही, आणि तरी ती बाबांचीच हाक होती. कोणाचीच नाही अशी बाबांची. पायलनं पदर तोंडाशी नेला. मैत्री चटईवरचं काहीतरी खायच्या बेतात होती, ती थांबली. तिनं मान वर केली आणि डब्याकडे पाहिलं. बाबांनी पुन्हा दाबलं. मैत्री सरसर रांगत आली आणि डब्यावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागली. तिला हाक मारणारं कोण आहे ते तिला कळलं होतं. सगळे हसले. बाबा हसले नाहीत. नातीचा चेहरा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता, आणि ती खोक्याकडे बघत होती. ममताचं हसणं अर्ध्यात राहिलं. फाईलीतली प्रत्येक जागा तिनं शोधली होती, आणि आवाज खोलीत कुठून येईल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाबांनी डबा उचलला. सदर्‍याच्या वरच्या गुंड्या काढल्या, डबा आत सरकवला, छातीशी बसवला आणि गुंड्या पुन्हा लावल्या. नुसता फुगवटा राहिला, गळ्यावरच्या फडक्याच्या खाली. नात गोंधळून शोधायला लागली. मग बाबांनी तोंड उघडलं. ऑपरेशननंतर त्यांनी ओठांनी कधी शब्द केला नव्हता. वारा गळ्यातूनच निघून जातो, नुसते ओठ हलवून काय उपयोग, असं त्यांनी एकदा पाटीवर लिहिलं होतं. सदर्‍यावरून त्यांचं बोट बटण चाचपत होतं. पहिल्या खेपेला आवाज आधी आला आणि ओठ मागून, जसं लांबच्या पुकाऱ्यात होतं. दुसर्‍या खेपेला ओठ आधी. तिसर्‍यांदा त्यांनी ओठ मिटून थांबवले, बोट थांबवलं, आणि दोन्ही एकदम सोडलं. "मैत्रीऽऽ." म वर ओठ सुटले, त्रीवर दात दिसले, खर्‍यानं लाल झालेले. नातीची नजर फुगवट्यावरून गळ्यावर आली, गळ्यावरून हनुवटीवर, हनुवटीवरून वर. ती त्यांच्या गुडघ्यांना धरून उभी राहिली. आजोबांनी पुन्हा हाक मारली आणि तोंड तसंच उघडं ठेवलं, आणि तिनं एक हात लांब करून, आवाज आत कुठे असतो ते बघायला, आपली सगळी बोटं त्यांच्या तोंडात घातली.